मंद वाऱ्यात छोट्या कॅटामरानची शिडं कशी लावावीत

वारा चार ते सात नॉट, कॅटामरान, म्हणजे दोन जोडलेल्या तळांची होडी, जेमतेम सरकते आहे. डाउनहॉल, म्हणजे मोठ्या शिडाची पुढची कड खाली ताणणारा दोर, सैल करा. शिडाच्या पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसल्या तरी चालतील. डोलकाठी फिरणारी असेल तर पूर्ण फिरू द्या. दोघंही पुढे सरका आणि हालचाल कमी करा. होडीची मागची टोकं पाण्यात रुतून राहिली तर पुढचं सगळं वाया जातं.

आता मेनशीट, म्हणजे मोठं शीड आवळणारा दोर. ‘वारा कमी आहे, दोर आवळून घे’ असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. कॅटामरानच्या मेनशीटला कप्प्या बऱ्याच असतात, त्यामुळे जोर न लावताही शिडाची मागची कड पार ताठ होते आणि वरचा भाग आत वळतो. मंद हवेला एवढं वळण झेपत नाही. ती शिडाच्या पाठीवरून सुटते आणि ओढ संपते. फसवणूक अशी की तेव्हा शीड दिसतं मात्र झकास: ताठ, कुठे फडफड नाही. मलाही दोर सैल सोडायचा धीर यायला फार वेळ लागला.

मागच्या कडेच्या सगळ्यांत वरच्या टेलटेलवर (हवा कशी वाहते ते दाखवणारी, शिडाला लावलेली शेपटी) नजर ठेवा. ती शिडाआड दडून राहिली, की मेनशीट वीतभर सोडा आणि थांबा. सुटलेली हवा पुन्हा शिडाला धरायला वेळ घेते. तेवढ्यात दुसरा दोर हलवलात तर कशामुळे काय झालं हे कळणारच नाही. टेलटेल बहुतेक वेळ सरळ मागे वाहते आणि अधूनमधून क्षणभर दडते, तिथे दोर राहू द्या. बूम (शिडाच्या खालच्या कडेची दांडी) आत-बाहेर न्यायची असेल तर ते काम ट्रॅव्हलरचं, म्हणजे मेनशीटचं खालचं टोक आडवं सरकवणाऱ्या गाडीचं. मेनशीटने फक्त शिडाचा पीळ, म्हणजे वरचा भाग खालच्यापेक्षा किती बाहेर उघडतो ते, ठरवायचा.

जिब (पुढचं छोटं शीड): दोन्ही बाजूंच्या टेलटेल एकसारख्या वाहतील एवढंच ओढा.

वाऱ्याच्या तोंडाशी जाण्याचा हट्ट नको. कॅटामरान हलकी, वेग लगेच गमावते आणि मग आडवी घसरते. आधी थोडं वाऱ्यापासून दूर वळा. वेग वाढला की होडीवर जाणवणारा वारा जोर धरतो आणि पुढून येऊ लागतो. तेव्हा शिडं जरा आत घेत हळूहळू वाऱ्याकडे चढा. सुकाणू झटक्याने फिरवलंत तर ते ब्रेकच ठरतं.

टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून दुसऱ्या बाजूला वळवताना, ते वाऱ्यापलीकडे जाईपर्यंत जिब जुन्याच बाजूला धरून ठेवा आणि मेनशीट मोकळी सोडा. शिडातल्या पट्ट्या उलटल्या नाहीत तर बूमला एक हिसका द्या. होडी चालू लागल्यावरच मेनशीट परत आत घ्या.