पेशंटला लैंगिक आरोग्याबद्दल विचारायचं कसं

शुगर, झोप, संडास सगळं आपण बेधडक विचारतो आणि लैंगिक आरोग्याचा रकाना आला की पेन सरळ खालच्या ओळीवर जातं. पेशंट आपणहून काढत नाही हा विषय, सिस्टरनी विचारलं तर सांगू म्हणून वाट बघत बसतो. म्हणून तोंड आपणच उघडायचं.

आधी जागा बघा. पडदा ओढला म्हणजे भिंत झाली असं नाही, शेजारच्या बेडवर सगळं ऐकू जातं. नातेवाईकांना बाहेर बसवा, नवरा किंवा बायको असली तरी, कारण घरात मारहाण किंवा जबरदस्ती होत असेल तर ते जोडीदारासमोर कोण सांगणार? भाषा कळत नसेल तर दुभाष्या घ्या पण घरातला माणूस नको.

मग परवानगी. जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या प्लिसिट मॉडेलची, म्हणजे लैंगिक अडचणींवर पायरीपायरीने बोलायच्या पद्धतीची, पहिली पायरी हीच आहे, आणि माझ्या मते नर्सचं निम्मं काम इथेच होतं. मी म्हणते, "आजाराचा आणि गोळ्यांचा शारीरिक संबंधांवरही परिणाम होतो म्हणून मी हे सगळ्यांनाच विचारते, विचारलं तर चालेल ना?" नको म्हणाले तर थांबायचं, नंतर कधीही बोला एवढं सांगून ठेवायचं.

हो म्हणाले की पाच गोष्टी: जोडीदार, संबंधांचा प्रकार, संरक्षण, आधी झालेले लैंगिक आजार, आणि मूल हवंय की नकोय. "लग्न झालंय का" ने सुरुवात करू नका, त्यातून काहीच कळत नाही. "सध्या कोणाशी संबंध आहेत का, पुरुषांशी, बायकांशी की दोघांशी" असं सरळ विचारा, आवाज बीपी विचारताना असतो तसाच ठेवा. प्रकार विचारायला लाज वाटते पण स्वॅब घशाचा घ्यायचा, योनीचा की गुदद्वाराचा हे त्यावरच ठरतं, नुसत्या लघवीच्या तपासणीत घशातला गनोरिया हा लैंगिक आजार सापडत नाही. "कंडोम वापरता का" ला सगळेच हो म्हणतात, त्यापेक्षा "कधी राहून जातो का" विचारा. आणि एचआयव्हीची शंका येण्यासारखा संबंध नुकताच आला असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा, पेपची, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात.

औषधांवर मात्र वेळ घालवा. एक गृहस्थ होते, बीपी काही केल्या उतरेना, गोळ्या रोज घेतो म्हणायचे. गोळ्यांमुळे संबंधांत काही अडचण येते का असं मी विचारलं तर बराच वेळ केसपेपरचा कोपरा दुमडत बसले आणि मग हळूच म्हणाले, "त्या गोळ्यांनी जमेनासं झालं सिस्टर, दोन महिने झाले बंद केल्यात." डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. बीपीच्या थायझाइड गोळ्या, डिप्रेशनवरच्या एसएसआरआय गोळ्या, यांनी असं होऊ शकतं. उलट बाजूने, ताठरतेसाठीची सिल्डेनाफिल (व्हायग्रा) घेतलेल्याला छातीत दुखतं म्हणून नायट्रेट हे औषध दिलं तर बीपी धोकादायक खाली जातं, तेव्हा ते आधी विचारायलाच हवं. ताठरता येत नाही ही तक्रारही हलक्यात घेऊ नका, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे हृदयविकाराची ती आधीची खूण असू शकते.

म्हाताऱ्या पेशंटना वगळू नका हो. पाळी गेल्यावर कोरडेपणामुळे दुखतं आणि त्यावर उपाय आहे हे कित्येक बायकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आपल्याला उत्तर येत नसेल तर "डॉक्टरांना विचारून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. चार्टवर "नॉर्मल" लिहू नका, पेशंटचे शब्द लिहा, आणि काय लिहिताय, कोण वाचणार ते त्यांना लिहायच्या आधी सांगा.