सैनिक-लेखक कसा वाचावा : फार्ली मोवॅट हाताशी घेऊन

माझे आजोबा १/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांची आठवी भारतीय डिव्हिजन इटलीत मोरो नदीच्या भागात लढत होती आणि शेजारी कॅनडाची पहिली डिव्हिजन होती. आजोबा गावी परतले, पण लढाईबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्या कॅनडियन फौजेतला बावीस वर्षांचा लेफ्टनंट फार्ली मोवॅट मात्र पुढे लेखक झाला. म्हणून मी त्याच्याकडे वळले.

असा लेखक वाचताना जन्मगाव, शाळा वगैरे मागाहून बघा. आधी दोन तारखा शोधा: लढाई कधीची आणि पुस्तक कधीचं. मोवॅट जुलै १९४३ मध्ये सिसिलीत उतरला. पलटणीचा इतिहास, 'द रेजिमेंट', त्याने १९५५ मध्ये लिहिला. स्वतःची आठवण, 'अँड नो बर्ड्स सँग', यायला १९७९ उजाडलं. छत्तीस वर्षं! मधल्या काळात तो उत्तरेकडच्या इन्युइट लोकांवर आणि लांडग्यांवर लिहीत होता. या अंतरापाशी जरा थांबा. तिथे माणूस दिसतो.

मग एकच रात्र निवडा. मी सिसिलीतल्या असोरो गावच्या लढाईची निवडली. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर टेहळणीत मारला गेला होता. मेजर लॉर्ड ट्वीड्सम्यूर यांनी अंधारात माणसं उभ्या कड्यावरून वर नेली. त्या बाजूने कुणी येईल असं जर्मनांच्या ध्यानीमनी नव्हतं. वहीत उभे रकाने पाडा: एकात पलटणीचा इतिहास, एकात आठवणी आणि एकात बटालियनची युद्धदैनंदिनी. कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडच्या या दैनंदिन्यांची पानं इंटरनेटवर वाचता येतात. भाषा कोरडी असते: कुठे होतो, हवा कशी, किती पडले.

आकडा आणि वेळ दैनंदिनीतून घ्या. आठवणीतला संवाद शब्दशः खरा धरू नका. मोवॅटच्या उत्तरेकडच्या पुस्तकांतल्या तपशिलांवर १९९६ मध्ये एका मासिकाने जाहीर शंका घेतली होती. पण भीती हवी असेल तर आठवणींकडेच जावं लागतं. न मरणारा किडा, असं तो तिला म्हणतो. दैनंदिनीत भीतीची नोंद कोण करणार? या दोहोंच्या मधे पत्रं येतात. वडिलांशी झालेला त्याचा युद्धकाळातला पत्रव्यवहार 'माय फादर्स सन' मध्ये आहे. घरच्या पत्रांवर सेन्सॉरची नजर असायची, तेव्हा काय लिहिलं नाही हेही टिपा.

माझ्या वहीत चौथा रकाना आहे, आजोबांचा. डिसेंबर १९४३ समोर बाकीच्या रकान्यांत पाऊस, चिखल, मोरो असं भरलंय. चौथ्यात एकच ओळ: 'चिखलात बैलगाडी रुतली की बांधावर बसून राहायचे, कुणाला हाक मारायचे नाहीत.'