'हव्यास नडला' लिहिण्याआधी

नाशिकमध्ये बातमीदारी सुरू करणाऱ्यांसाठी लिहितेय. इंट्रो, बीट, डेडलाइन तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देते. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय: बातमीत माणसाला मूर्ख ठरवणारे शब्द. नडला, भोवला, अंगलट आला, अतिउत्साह, सेल्फीचा मोह. 'मूर्ख' असं आपण कधी लिहीत नाही, पण वाचणाऱ्याला तेच कळतं. आणि कारण सापडलं असं वाटून आपण पुढचं विचारायचं थांबतो.

२०२३च्या ऑगस्टअखेरीला मी निफाड तालुक्यातल्या एका कांदाचाळीत उभी होते. कांद्याला काजळी धरलेली, खालच्या थरातून पाणी सुटलेलं, वास डोक्यात जाणारा. मी लिहिलं, 'जादा भावाचा हव्यास नडला'. डेस्क खूश. दुसऱ्या दिवशी त्या शेतकऱ्यांचा फोन आला, "ताई, कांदा चाळीत टाकला एप्रिलात. शुल्क लागलं ऑगस्टात. ते मला एप्रिलात कसं कळणार होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. १९ ऑगस्टला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, पाठोपाठ लासलगावच्या बाजार समितीसह जिल्ह्यातले कांदा लिलाव बंद पडले. उन्हाळ कांदा टिकतो म्हणूनच साठवतात; काढणीला सगळ्यांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो. चाळ बांधायला सरकारच अनुदान देतं! म्हणजे ते शहाणपणाने वागले होते. हे सगळं मला पाठ होतं, तरी बातमीत एक ओळ नव्हती.

म्हणून आधी तारखा मांडा. निर्णय घेतला त्या दिवशी त्या माणसाला काय माहीत होतं, ते लिहा. गोदावरीच्या पुरात कुणी गाडी घातली, तर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं (त्यावरूनच इथे पुराचा अंदाज घेतात) एवढ्यावर थांबू नका. गंगापूर धरणातून विसर्ग किती वाजता वाढवला, इशारा कधी दिला, रस्त्यावर बॅरिकेड होतं का, हे विचारा. एवढं करूनही वेडेपणाच दिसला, तर बिनधास्त लिहा.

सीनियर म्हणतील, मथळ्याला धार हवी. पहिलं वर्षभर तरी ऐकू नका. पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी लावणारा बातमीदार होत नाही, हे माझं ठाम मत आहे. धारच हवी तर ती वर वळवा. १८९७मध्ये टिळकांनी 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' असं विचारलं, ते सरकारला.

चूक तुमच्याही हातून होईल. घाबरून गप्प बसू नका, त्या माणसाकडे परत जा. मी गेले. दुसरी बातमी तारखांसकट लिहिली, आतल्या पानावर दोन कॉलम लागली. कात्रण द्यायला गेले, तर त्यांनी वहीतून पहिल्या बातमीचं कात्रण काढलं आणि हे त्याच्याशेजारी ठेवलं.