डर्बीचा इतिहास वाचायचा तर घोड्याच्या दातांपासून सुरुवात करा

इंग्लंडमधल्या एप्समच्या डर्बीबद्दल, म्हणजे तिथल्या घोड्यांच्या प्रसिद्ध शर्यतीबद्दल, वाचायला बसलेले बहुतेक जण विजेत्यांची यादी उघडतात आणि दहाव्या नावालाच कंटाळतात. मी घोड्यांचा डॉक्टर. माझं ऐका, यादी बाजूला ठेवा आणि ‘घोडा तीन वर्षांचाच हवा’ ही अट घट्ट धरा.

सुरुवात थेट १८४४ पासून करा. त्या वर्षी रनिंग रेन पहिला आला. पण तो रनिंग रेन नव्हताच, तो होता मॅकाबियस, चार वर्षांचा! प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी घोडा हजर करायला सांगितलं, तर घोडाच गायब. बक्षीस दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळालं.

घोडा का लपवला, ते ओठ वर केला की कळतं. मधले दोन दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. दुधाचा दात छोटा, पांढरा, हिरडीपाशी आवळलेला. पक्का दात रुंद, पिवळसर. वसंतात जन्मलेला घोडा तीन वर्षांचा झाला की त्या मे महिन्यात त्याच्या वरच्या जबड्यात पुढे दोनच पक्के दात असतात, चार वर्षांचा झाला की चार. हे मी शेकडो तोंडांत पाहिलंय.

आता मागे १७८० वर या. रेसचं नाव नाणेफेकीवर ठरलं ही गोष्ट सगळेच सांगतात, तिथे फार रेंगाळू नका. पहिली डर्बी डायोमेडने जिंकली, तीही एकाच मैलाची. दीड मैल झाले १७८४ मध्ये. जुन्या काळी मोठ्या वयाचे घोडे चार-चार मैलांच्या फेऱ्या पळत; कोवळ्या घोड्यांची एका दमात संपणारी रेस ही तेव्हाची नवी चाल होती.

मग १९८१ च्या रेसचं चित्रण लावा. आधी चढ, नंतर टॅटनहॅम कॉर्नरचा डावीकडे वळणारा उतार, शेवटी आतल्या कठड्याकडे कललेली जमीन. उतारावर शेर्गार या घोड्याचा डावा पुढचा पाय बघा, तोल कसा सांभाळतो ते दिसेल. दहा घोड्यांच्या लांबीने जिंकला तो, आणि पाठीवर १९ वर्षांचा जॉकी वॉल्टर स्विनबर्न.

१९३४ ला जरूर थांबा: विजेता विंडसर लॅड, मालक राजपिपळ्याचे महाराज.

सर्वांत शेवटी घोड्या शोधा. जिंकलेल्या सहाच. पहिली एलिनॉर, १८०१. शेवटची फिफिनेला, १९१६, युद्धामुळे न्यूमार्केटला झालेल्या रेसमध्ये. दोघींनी त्याच वर्षी ऑक्स ही फक्त घोड्यांच्या माद्यांसाठीची रेसही जिंकली.