नाताळचं घरचं पत्र कसं लिहावं

वसईच्या आमच्या वाडीतून दर नाताळला एक पत्र निघतं. मस्कतचा दीर, टोरांटोची मावसभावंडं, नालासोपाऱ्याला फ्लॅटमध्ये राहणारी नणंद, सगळ्यांना मजकूर एकच. आधी सासूबाई लिहायच्या, आता मी लिहिते. "आमच्याकडे सांगण्यासारखं घडतंच काय?" असं पुष्कळजण विचारतात, त्यांच्यासाठी हे.

डिसेंबरात आठवायला बसलात तर लग्नं, मयतं आणि मुलांचे मार्क एवढंच आठवेल, आणि ते सगळ्यांना फोनवर केव्हाच कळलेलं असतं. म्हणून जानेवारीपासून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन-दोन शब्द टाकत जा. 'बावखल आटलं' (बावखल म्हणजे वाडीतलं तळं). 'राजेळीचे घड उतरवले.' 'गाड्या बंद, मोगरा घरीच.'

लिहिताना यातल्या चार-पाचच नोंदी घ्या, पण प्रत्येक नीट सांगा. 'यंदा सुकेळी छान झाली' एवढ्यानं मस्कतला काय कळणार? ढग भरून आले की सुकेळीसाठी वाळत घातलेली सोललेली राजेळी केळी उन्हातून आत कशी पळवली, रात्री घरभर कसा वास सुटला, ते लिहा. मोगरा दादरच्या बाजारात जाऊ शकला नाही, तेव्हा आळीतल्या पोरींनी त्याचे गजरे करून घरोघर वाटले, हेही लिहा. आजीचं बोलणं कादोडीतच, म्हणजे आमच्या इथल्या बोलीतच ठेवा.

बढती, नवी गाडी, टक्केवारी एका ओळीत आटपा. दुःखाला मात्र जागा द्या. सासरे गेले त्या वर्षी मी लिहिलं, की कुठल्या वाफ्याला किती वेळ पंप चालवायचा हे फक्त त्यांना ठाऊक होतं, आता आम्ही अंदाजानं पाणी सोडतो. त्या परिच्छेदावर दिरांचं सर्वांत लांब उत्तर आलं. कुणाचं आजारपण किंवा पैशाची ओढाताण लिहायची असेल, तर आधी त्या माणसाला वाचून दाखवा. तो नको म्हणाला तर तो मजकूर काढायचा.

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. परदेशी पाकिटं त्याच्या आधी टपालात पडू देत. ए-फोरची दोन पानं पुरेत. ८० जीएसएमचं एक पान साधारण ५ ग्रॅम भरतं, म्हणजे पाकिटासकट वजन २० ग्रॅमच्या आत राहतं.

लंडनच्या हेन्री कोल यांनी १८४३ मध्ये नाताळचं छापील कार्ड काढलं, कारण प्रत्येकाला पत्र लिहायला त्यांना सवड नव्हती. सवड आपल्यालाही नसते, म्हणून तर आपणही छापतो. तरी तळाशी चार बोटं जागा कोरी सोडा आणि तिथे ज्याच्या त्याच्यासाठी हातानं एक प्रश्न लिहा. 'कसे आहात?' याला 'बरे आहोत' एवढंच उत्तर येतं. टोरांटोच्या भावाला मी विचारलं होतं, "बर्फ पडल्यावर कामावर जायला घरातून किती वाजता निघतोस, आणि डब्यात काय नेतोस?" त्याच्या बायकोनं दोन पानं लिहून पाठवली.