मोहरी, मूग आणि चाळणी: अँटिबायोटिक का चालेनासं होतं ते पोरांना असं दाखवा

माझी भाची आठवीत आहे, लालबागला राहते. परवा खोकत खोकत म्हणाली, मामा, जंतूंना औषधाची सवय होते ना, शेजारच्या काकू सांगत होत्या. म्हटलं सवयबिवय काही होत नाही गं, पण हे तोंडी सांगून पटत नाही म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरलो.

ताटात चार चमचे मोहरी घ्या आणि त्यात 10 मूग टाका. मोहरी म्हणजे साधे जंतू आणि मूग म्हणजे ज्यांच्या डीएनएची कॉपी होताना आपसूक अशी चूक झालीय की त्यांना औषध लागूच पडत नाही, आणि ती औषध यायच्या आधीच झालीय हं, हे पोरांना दोनदा सांगा. चाळणी म्हणजे औषध. पिठाची नको, मोहरी पडेल आणि मूग अडकतील एवढी भोकं हवीत.

आता चाळणी दोनदाच हलवा, म्हणजे बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या तसं. वर जे उरेल ते दुप्पट करायचं, मोहरीला मोहरी, मुगाला मूग, आणि परत दोनदा हलवायचं. तिसऱ्या फेरीला मूग 80 होतात आणि मोहरी शोधावी लागते. खरे जंतू तर याहून फास्ट, ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूला सगळं मनासारखं मिळालं तर 20 मिनिटांत एकाचे दोन, म्हणजे रात्री 11 ला एक असेल तर सकाळी 6 च्या लोकलपर्यंत 20 लाखांच्या वर.

मग विचारा, चाळणीने मोहरीचे मूग केले का? भाची गप्पच बसली. नॅचरल सिलेक्शन म्हणतात ते हेच, चाळणी काही शिकवत नाही, फक्त निवडते.

शिवाय औषधाला दाद न द्यायचा गुण असलेला प्लाझमिड नावाचा डीएनएचा तुकडा हे जंतू एकमेकांना देतात, शेजारी वाटीभर साखर द्यावी तसा. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 च्या नोबेल भाषणातच कमी डोसचा धोका सांगितला होता. टीबीत तर महिनोन् महिने एकदम तीन-चार औषधं देतात ती यासाठीच, एका चाळणीतून सुटला तो दुसरीत सापडावा. सर्दी व्हायरसची असेल तर मात्र अँटिबायोटिक घेऊन उगाच पोटातले जंतू चाळले जातात, त्यामुळे डब्यातली उरलेली स्ट्रिप काकूंनी दिली तरी घेऊ नका.

भाची शेवटी म्हणाली, आणि चाळलंच नाही तर? भारी प्रश्न. मग मूग मोहरीच्या गर्दीत मागे पडतात, कारण औषधाला पुरून उरणारे जंतू बऱ्याचदा जरा हळूच वाढतात.