विंडोज अपग्रेड मधेच लटकलं तर आधी फायली काढा, रिपेअरचं नंतर बघू

कराडला माझ्या मामांचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, झेरॉक्स असलं सगळं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून त्यांच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ वर अपग्रेड करा अपग्रेड करा चालू होतं, शेवटी एका संध्याकाळी वैतागून त्यांनी बटण दाबलं आणि चहा प्यायला गेले. साठ टक्क्यांच्या आसपास लाईट गेली. यूपीएस होता पण त्याची बॅटरी कधीचीच बसलेली, तो आता टेबलाखाली पाय ठेवायच्या कामाचा. लाईट आल्यावर निळा स्क्रीन, ऑटोमॅटिक रिपेअर जमलं नाही असा मेसेज, आणि मला फोन: "अरे चार लग्नांच्या पत्रिका आहेत आत, काय करू सांग."

शेजारचा कॉम्प्युटरवाला म्हणाला फॉरमॅट मारून देतो, तासाभराचं काम. मी म्हटलं मामा, त्याला आधी हात लावू देऊ नका. पुढचं सगळं मी पुण्यात बसून फोनवर त्यांच्याकडून करून घेतलं, म्हणून खाली कमांड पण फोनवर सांगितल्या तशाच एकेक अक्षर सुटं करून लिहिल्यात.

पहिली गोष्ट, काहीच करू नका. खरंच. अपग्रेड करताना विंडोज जुनी सिस्टीम फेकून देत नाही, विंडोज-डॉट-ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवते, आणि गडबड झाली तर स्वतःच मागे फिरते. तेव्हा स्क्रीनवर 'अनडूइंग चेंजेस' किंवा 'रिस्टोअरिंग युअर प्रीव्हियस व्हर्जन' असं काहीतरी येतं आणि ते तासतासभर हलत नाही, जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर दोन तास पण घेतं. लोक इथेच कंटाळून पॉवरचं बटण दाबतात आणि बरा होत आलेला पेशंट परत आयसीयूत घालतात. कॅबिनेटवर हार्डडिस्कचा बारका दिवा असतो, तो लुकलुकतोय तोवर आत काम चालू आहे. दिवा बराच वेळ मेलेला आणि तीन तासांत स्क्रीन जागचा हललेला नाही, तरच पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा.

दुसरं, बायोसमधलं (म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणारा मदरबोर्डचा स्वतःचा सेटिंगचा मेनू) घड्याळ बघा. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, तो संपलेला असला की लाईट गेल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. मग बूट ऑर्डर, म्हणजे मशीन कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो क्रम, बदलते, मदरबोर्ड हार्डडिस्कशी बोलतो तो मोड एएचसीआय होता तो दुसराच काहीतरी होतो, आणि विंडोज ठणठणीत असून पण सुरू होत नाही. आपण मात्र अपग्रेडला शिव्या घालत बसतो. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून आत जा, तारीख भलतीच जुनी दिसली की समजा सेल गेला. नवीन सेल टाका, मोड आधी होता तसा करा, आणि मग पुढचं. मामांची तारीख बरोबर होती, म्हणजे आम्ही पुढे.

आता रिकव्हरीच्या निळ्या मेनूत जायचं. दोनतीनदा सुरू होताना अडकलं की तो आपोआप येतो, नाहीच आला तर मशीन चालू करून लोगो दिसला की पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोनदा, तिसऱ्यांदा येईल. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. बाजूला 'रिसेट धिस पीसी' असेल त्याच्याकडे आत्ता बघायचं पण नाही. त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं तर फायली राहतात पण सॉफ्टवेअर सगळी उडतात, आणि मामांसारख्या माणसाचं जुनं फाँटचं सॉफ्टवेअर परत बसवायला सीडी शोधत फिरावं लागतं.

ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेल्यावर सगळ्यांचा हात स्टार्टअप रिपेअरवर जातो. थांबा. आधी फायली बाहेर काढायच्या, कारण यापुढची प्रत्येक पायरी डिस्कवर काहीतरी लिहिणार आहे.

फायली काढायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे नोटपॅड. एक्सटर्नल हार्डडिस्क किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा, कमांड प्रॉम्प्ट उघडा (कधी कधी अकाउंट निवडून पासवर्ड मागतो, तो द्या), आणि काळ्या खिडकीत टाइप करा एन-ओ-टी-ई-पी-ए-डी, एंटर. नोटपॅड उघडलं की फाइल, मग ओपन, आणि खाली जिथे टेक्स्ट डॉक्युमेंट्स लिहिलंय तिथे ऑल फाइल्स करा. ही जी ओपनची खिडकी आली ती म्हणजे छोटा फाइल एक्सप्लोररच आहे, डावीकडे धिस पीसी वर जा, हवा तो फोल्डर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. मामा हे करताना दोनदा म्हणाले "अडकलं रे", कारण इथे कॉपी चालू असताना पट्टीबिट्टी काही दिसत नाही, खिडकी नुसती गोठल्यासारखी होते. गोठू दे. एका वेळी एकच फोल्डर घ्या म्हणजे जीव घाबरत नाही.

इथे ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, नेहमीचा सी इथे डी दिसेल, आणि एक्स नावाचा ड्राइव्ह दिसेल तो रिकव्हरीचा स्वतःचा, त्यात आपलं काही नाही. ज्यात विंडोज, युजर्स आणि प्रोग्राम फाइल्स तिन्ही दिसतात तो आपला, त्याचं अक्षर कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. युजर्समध्ये आपल्या नावाच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स घ्या, वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप त्याच्या फोल्डरच्या आत असू शकतो. युजर्समध्ये आपलं नावच नसेल तर हादरू नका, विंडोज-डॉट-ओल्डच्या आतल्या युजर्समध्ये बघा, अपग्रेड अर्ध्यात तुटलं की सामान तिकडे राहिलेलं असू शकतं. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा फोल्डर वेगळा असतो, तो विसरू नका. मामांच्या पत्रिका निघाल्या डेस्कटॉपवरच्या 'नवीन फोल्डर ७' मध्ये, असो.

ड्राइव्ह उघडताना ४८ आकडी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्याच डिस्कच्या कुलपाने, लॉक आहे. मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला लॉग इन करा, मशीन ज्या अकाउंटने सेट केलं होतं त्यालाच, तिथे डिव्हाइसच्या नावासमोर की मिळते. की कुठेच नसेल तर फायली निघत नाहीत, त्याला कोणाकडे जुगाड नाही, कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

फायली बाहेर आल्या, आता बिनधास्त रिपेअर. आधी ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधलं अनइन्स्टॉल अपडेट्स, त्यात 'लेटेस्ट फीचर अपडेट' काढा, म्हणजे जुन्या विंडोजवर परत जायचा प्रयत्न होतो. मामांकडे ते थोडं फिरून एरर देऊन थांबलं. मग स्टार्टअप रिपेअर, तेही नाही.

लाईट गेल्यामुळे तुटलं असेल तर फाइल सिस्टीमच, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे त्याची वहीच, फाटलेली असायची शक्यता जास्त, म्हणून मग ती तपासून दुरुस्त करणारं चेकडिस्क. कमांड प्रॉम्प्टमध्ये सी-एच-के-डी-एस-के, स्पेस, आपण कागदावर लिहिलेलं ड्राइव्हचं अक्षर, लगेच कोलन, परत स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ आणि तिला चिकटून एफ. (मामांनी पहिल्यांदा एंटरच्या वरची उलटी तिरकी रेघ दिली, पाच मिनिटं त्यात गेली.) मोठ्या डिस्कला हे वेळ घेतं. डिस्क आतून टकटक आवाज करत असेल तर मात्र हे चालवूच नका, ती डिस्क मरायला टेकलीय, तिच्यावर आणखी ताण नको, फायली निघतील तेवढ्या काढून नवीन एसएसडी घ्या.

आमच्याकडे चेकडिस्कने बऱ्याच चुका दाखवून दुरुस्त केल्या, मशीन रीस्टार्ट झालं, आणि त्याने स्वतःच मागे फिरायला सुरुवात केली. पावणेदोन तास तोच एक स्क्रीन. साडेअकराला मामांचा मेसेज, विंडोज १० च्या डेस्कटॉपचा तिरका फोटो, त्यात गणपतीचा वॉलपेपर.

तुमच्याकडे एवढ्यावर नाही झालं आणि बूट डिव्हाइस सापडत नाही असं येत असेल तर अजून एक कमांड आहे, बी-सी-डी-बी-डबलओ-टी, स्पेस, ड्राइव्हचं अक्षर, कोलन, आता मात्र उलटी तिरकी रेघ, विंडोजचं स्पेलिंग. ही बूटच्या फायली नव्याने लिहिते. त्याउपर जास्त वेळ घालवू नका, कमांडमागून कमांड मारत दोन दिवस काढणारे लोक मी बघितलेत, नवीन टाकणं तीन तासांत होतं.

नवीन टाकायचं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल (विंडोज बसवायचा पेनड्राइव्ह बनवून देतं ते) घ्या, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, तो पूर्ण पुसला जातो त्यामुळे मघाशी फायली घेतलेला तोच लावू नका, प्लीज. बूट मेनूचं बटण कंपनीप्रमाणे वेगळं, डेल आणि लेनोवोला एफ१२, एचपीला एफ९, असूसच्या बोर्डला एफ८. पेनड्राइव्हवरून बूट केलं की अपग्रेड चालत नाही, अपग्रेड की कस्टम असं विचारलं तर कस्टमच निवडा. तिथे पार्टिशन (डिस्कचा भाग) फॉरमॅट किंवा डिलीट न करता जुनंच निवडून नेक्स्ट केलं तर जुनं सगळं विंडोज-डॉट-ओल्डमध्ये जातं, म्हणजे मघाशी एखादी फाइल सुटली असेल तर अजून एक संधी राहते. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे नाही' म्हणा, त्याच मदरबोर्डवर आधी ॲक्टिव्हेट असेल तर नेट लागल्यावर स्वतः ॲक्टिव्हेट होतं, फक्त होमला होम आणि प्रोला प्रो एवढं बरोबर निवडा.

परत अपग्रेड करायचंच असेल तर आधी मशीन बसतंय का ते मायक्रोसॉफ्टच्या पीसी हेल्थ चेक ॲपमध्ये बघा, विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (बायोसमधली सुरक्षेची सेटिंग), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते, पण ४ जीबीवर ते रडतं हे माझं मत. कीबोर्ड माउस सोडून सगळं यूएसबी काढा, प्रिंटर पण, वेगळा अँटिव्हायरस असेल तर तो उडवा, जागा भरपूर मोकळी करा. एरर कोड झिरो एक्स सी-वन-नाइन-झिरो-झिरो-वन-झिरो-वन असा आला तर गडबड बहुतेक ड्रायव्हरची, डिस्प्ले आणि नेटवर्कचे ड्रायव्हर आधी नवीन करा.

मामांनी यूपीएसची बॅटरी बदलली, मग एका रविवारी सकाळी परत केलं, झालं एकदाचं. फक्त झाल्यावर लगेच डिस्क क्लीनअप मारून जागा मोकळी करू नका, मागे जायचा पर्याय सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरीमध्ये १० दिवसच असतो आणि तो त्या विंडोज-डॉट-ओल्डच्याच जिवावर. त्या दहा दिवसांत जुना प्रिंटर, स्कॅनर, मराठी कीबोर्ड, फाँट, सगळं एकेकदा चालवून बघा. मामांचा स्कॅनर चालत नाही हे नवव्या दिवशी लक्षात आलं.